पिवळे हातमोजे

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वरून, आणि पुढेही कायम वरूनच पाहत आले. त्यांच्या हेल्मेटला मागच्या बाजूने एक पोचा होता. चालताना डावा खांदा थोडा पुढे जायचा. चेहरा विचाराल तर मला कितीतरी महिने तो नीट माहीतच नव्हता. हात मात्र मी जत्रेतसुद्धा ओळखले असते.

मी क्रेन चालवते. आमच्या कारखान्यात जुन्या डिझेल लोको येतात. तुम्ही लोक ज्याला रेल्वेचं इंजिन म्हणता, त्या अख्ख्या धुडाला आम्ही लोको म्हणतो, आणि तिच्या पोटात जे धडधडतं त्याला इंजिन. लोको येते तेव्हा तिची रया गेलेली असते. काजळीने काळीठिक्कर, पत्रा गंजाने खाल्लेला, वायरी हात लावला की तुटणाऱ्या. मग आम्ही तिचं छप्पर काढतो, इंजिन काढतो, चाकांच्या बोग्या काढतो. उरतो तो नुसता सांगाडा. सडलेलं कापायचं, नवं जोडायचं, इंजिन पार खोलून पुन्हा भरायचं, आणि सगळं जागच्या जागी बसवून तिला परत कामाला लावायचं. कोणी मालगाडी ओढते, कोणी पॅसेंजर. नव्या लोको येतील तेव्हा येतील, तोवर गाड्या काही उभ्या राहत नाहीत.

हे सगळं उचलायचं आणि ठेवायचं काम माझं. छपराखालच्या रुळांवर माझी क्रेन पुढेमागे धावते आणि तिच्या पोटाशी लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये मी बसते. वर मी एकटी असते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं. घरी सासू-सासरे, दीर-जाऊ, दोघींची पोरं, वर नणंद महिन्यातून एकदा माहेरपणाला. न्हाणीघराचं दार लावलं तरी बाहेरून कोणीतरी विचारणार, साबण कुठे ठेवलाय. ड्यूटी सुरू झाली की मी शिडी चढते आणि जगाला खाली सोडून देते. सगळ्या शॉपच्या, म्हणजे आमच्या कामाच्या शेडच्या, डोक्यावर बसणारी बाई, असं मला चिडवतात. चिडवू देत. मला कुठे ऐकू येतं!

ऐकू खरंच येत नाही. खाली ग्राइंडर, घण, हवेचे पाइप असा कल्लोळ असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी पत्ता लागत नाही. म्हणून आमचा सगळा कारभार हातांवर. खाली एक माणूस पिवळे हातमोजे घालून उभा असतो आणि खुणा करतो, मी तशी क्रेन हलवते. बोट आकाशाकडे करून गोल फिरवलं की वर घे. बोट जमिनीकडे करून फिरवलं की खाली सोड. मूठ मिटली की आहे तिथेच धर. पिवळे हातमोजे ज्याच्या हातात त्याचंच ऐकायचं, बाकी कोणाचं नाही. एकदा मोठे साहेब खालून हातवारे करत होते, मी ढिम्म हलले नाही. त्यांनी नंतर तोंड वाकडं केलं, पण बोलायला जागा नव्हती.

याला अपवाद फक्त ‘थांब’चा. दोन्ही हात बाजूला पसरले की थांब, आणि ती खूण कोणीही करो, चहावाल्याने केली तरी मानायची. आणि सगळ्यात पहिला धडा, जो मला शिकवणाऱ्याने माझ्या डोक्यात अक्षरशः ठोकून बसवला: खूण कळली नाही तर जागचं हलायचं नाही. अंदाज करायचा नाही. कोणी कितीही घाई करो, दगडासारखं बसून राहायचं.

मास्तर हे पिवळ्या हातमोज्यांचे मालक. ते कोणाला काही शिकवत नव्हते. पण त्यांचे हात बघून एका नव्या फिटरने विचारलं होतं, हे बँडमास्तर आहेत का, तेव्हापासून मास्तर. दुसरे लोक खुणा करतात तेव्हा डास मारल्यासारखं दिसतं. मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांचं बोट फिरायचं ते पाहूनच मला कळायचं किती हळू, किती जड, अजून किती अंतर आहे. कधीकधी त्यांनी खूण करायच्या आधीच माझा हात क्रेनच्या दांड्यावर गेलेला असायचा. इतकी वर्षं आम्ही एकत्र काम केलं आणि एकमेकांशी शंभर वाक्यंही बोललो नसू. नवऱ्याशी माझं इतकं जमलं असतं तर घरात किती शांतता असती, असं मी जावेला म्हणायची, आणि ती हसून हसून लोटपोट व्हायची.

खाली त्यांच्याशी बोलणं अवघडच होतं. शॉपच्या आवाजाने कान गेलेले. कोणी काही म्हटलं की ते ‘हं, हं’ करून मान डोलवायचे आणि समोरचा कंटाळून निघून जायचा. जेवणाच्या सुट्टीत एका पालथ्या खोक्यावर एकटेच बसून डबा खायचे. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. मुलगा दूरच्या शहरात. तो दर रविवारी फोन करतो, हे मला चहावाल्याकडून कळलं. मास्तरांना फोनवर ऐकू येत नाही, हेही त्यानेच सांगितलं. मुलगा बोलतो, हे ‘हं, हं’ करतात. ड्यूटी संपल्यावर सगळे फाटकाकडे पळायचे, तेव्हा मास्तर रिकाम्या शॉपमध्ये उगाच रेंगाळायचे. ही साखळी उचलून त्या खुंटीला लाव, तो हूक पूस. मी शिडी उतरताना त्यांना पाहायची आणि मनात म्हणायची, या माणसाला घर नाही की काय! घर होतं. घराकडेच जायचं नव्हतं.

मग थोरली आली.

थोरली म्हणजे आमच्या सगळ्या लोकोंमधली सगळ्यांत जुनी. ती याआधीही आमच्याकडे येऊन नवी होऊन गेली होती, आणि यंदा तिला भंगारात काढणार अशी बोलवा होती. पण पॅसेंजर ओढायला लोको कमी पडत होत्या म्हणून पुन्हा एकदा आमच्या गळ्यात पडली. मास्तर तिच्या पत्र्यावर थाप मारून आले, कोणी जुनी ओळखीची भेटावी तसे. मग तिचं इंजिन उचलायचा दिवस आला. साखळ्या लागल्या, बोट वर गेलं, गोल फिरलं. मी उचललं. इंजिन सांगाड्यातून सुटून वर आलं आणि मास्तरांनी मूठ मिटली. धर.

मूठ थरथरत होती.

मला वाटलं काचेवर तेल आहे. मी काच पुसली. मूठ थरथरतच होती. मास्तरांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं, जसं काही घड्याळ बघताहेत, आणि इकडेतिकडे पाहिलं. खाली कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण खाली सगळे इंजिनाकडे बघत होते. हातांकडे बघणारी मी एकटी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केबिनच्या शिडीवर पावलं वाजली. मास्तर वर येत होते. इतक्या वर्षांत ते कधी वर आले नव्हते. दारात उभे राहून त्यांनी धाप ओसरू दिली आणि खाली बघितलं.

“असं दिसतं होय इथून,” ते म्हणाले. “सगळे टोपणाएवढे.”

“मास्तर, हाताला काय झालंय?” मी विचारलं. ऐकू गेलं नसेल म्हणून हात पुढे करून थरथरवून दाखवला.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. “तुम्हाला दिसलं ते. दिसणारच. म्हणून तर आलो.” मग खाली वाकून माझ्या पायाशीच बसले. “डॉक्टर म्हणाला हे जायचं नाही. वाढत जाईल. फोरमनला कळलं तर मला हत्यारांच्या खोलीत बसवतील, जाळीच्या मागे. पाने द्या, पाने घ्या.”

“मग बसा की. आराम आहे.” मला राग आला होता, आणि राग आला की मी असंच बोलते. “खाली माणसांचे हात असतात मास्तर. बोल्टांच्या भोकांत बोटं घालून बसलेले असतात. माझ्या हूकला काय टांगलंय ते तुम्हाला सांगायला हवं का?”

“नको. म्हणूनच अंदाज करू नका, एवढंच सांगायला आलो. माझी खूण कळली नाही तर हलू नका. मी समजेन.” त्यांनी खाली थोरलीच्या सांगाड्याकडे बोट दाखवलं. “थोरलीचं इंजिन मी उचललंय. ज्याने उचललं त्यानेच ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. तेवढं ठेवू द्या. मग मीच सांगतो फोरमनला.”

रीत खरी होती. शॉपमध्ये ती कोणी लिहून ठेवली नव्हती, पण सगळे पाळत होते. आजारी माणसासाठीसुद्धा काम थांबवून ठेवलेलं मी पाहिलं आहे.

“त्यानंतर काय करणार?” मी विचारलं.

त्यांनी प्रश्न ऐकला की नाही कोण जाणे. काचेतून खाली बघत म्हणाले, “घरी कोणी नाही बाई. बोललं तरी मला ऐकू येत नाही. इथे निदान दिवसभर कोणीतरी माझ्याकडे बघत असतं. तुम्ही बघता.”

मी म्हटलं, “बघेन. डोळ्यांत तेल घालून बघेन. पण शंका आली तर हलणार नाही, मग रागावू नका.” त्यांनी मान डोलवली आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरले.

थोरलीचं काम पुढचे काही महिने चाललं. सांगाड्याचा तळ कापून नवा घातला. वायरी ओढल्या. इंजिन पलीकडच्या कोपऱ्यात खोलून, धुऊन, नवे भाग घालून पुन्हा उभं राहिलं. मास्तरांनी गुडघे दुखतात असं सांगून किरकोळ उचलाउचल साखळ्या लावणाऱ्या गड्याकडे सोपवली. हातमोजे त्याच्या हातात गेले की मला ते परक्याच्या अंगातल्या नवऱ्याच्या सदऱ्यासारखे वाटायचे. गडी वाईट नव्हता, पण खुणा करताना तोंडानेही बोलायचा, जणू मला ऐकू येणार आहे.

आणि सुट्टीत शॉप रिकामं झालं की मास्तर थोरलीच्या सांगाड्याशी उभे राहायचे, हात वर करून. हूकला काही नाही, वर क्रेन बंद. बोट खाली, गोल गोल. मूठ. पुन्हा बोट. मी वर डबा उघडून बसलेली असायची, आणि माझा घास हातातच राहायचा. काही दिवशी हात छान चालायचा आणि मला वाटायचं, डॉक्टरला काय कळतंय! काही दिवशी इतका थरथरायचा की मी दुसरीकडे बघायची. मग आठवायचं की बघायचं कबूल केलंय, आणि परत मान वळवायची.

इंजिन ठेवायचा दिवस उजाडला. फोरमन मुद्दाम उभा होता, दोन-चार साहेबही होते. मास्तरांनी पिवळे हातमोजे चढवले. त्या दिवशी हात चांगला होता. इंजिन उचललं, शॉपच्या लांबीभर हळूहळू आणलं, थोरलीच्या बरोबर वर आणून धरलं. बोट खाली फिरलं. मी सोडत गेले. खुणा इतक्या स्वच्छ होत्या की मला जुने दिवस आठवले. वीतभर अंतर उरलं आणि मूठ मिटली. बोल्टांच्या भोकांशी फिटर वाकले. इंजिनाच्या बैठकीवर एक चिंधी अडकली होती, ती काढायला एकाने कुशीवर होऊन हात आत घातला.

वरून मला इंजिनाखालचं दिसत नाही. हात आत आहे की बाहेर आला, हे मला फक्त मास्तर सांगू शकत होते. मी त्यांच्या मुठीकडे बघत होते. मूठ थरथरायला लागली. मग उघडली. बोट खाली गेलं आणि हललं. ते फिरत होतं की थरथरत होतं?

माझा हात दांड्यावर होता. मी हलले नाही. मास्तरांनी बोट परत खाली केलं. परत हललं. सोड म्हणताहेत? की मूठ धरवत नाहीये? मी हलले नाही. फोरमन वर बघून काहीतरी ओरडला. मी दगड.

मग मास्तरांनी मान वर केली. वरून तो चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला. आपलं अक्षर आता कोणाला लागत नाही हे कळल्यावर माणूस जसा बघेल, तसे ते बघत होते. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. एवढ्या उंचीवरून त्यांना ते दिसलं नसणार. पण ते समजले. समजेन म्हणाले होते, आणि समजले.

त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले. थांब.

हात तेव्हाही थरथरत होते. पण ती खूण इतकी मोठी असते की थरथरत्या हातांचीसुद्धा कळते. ती कोणालाही करता येते. त्यांनी ती स्वतःसाठी केली.

फिटरने हात बाहेर काढला, चिंधी दाखवली. मास्तरांनी हातमोजे काढले. डाव्या हाताचा सहज निघाला, उजव्याचा निघेना, तेव्हा दातांनी ओढला. उघडा हात सगळ्या शॉपसमोर थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. हातमोजे साखळ्यावाल्या गड्याला दिले, फोरमनला दोन शब्द सांगितले आणि खांबाशी जाऊन उभे राहिले, खिशात हात घालून. गड्याने तोंडाने बडबडत खुणा केल्या. मी इंजिन ठेवलं. बोल्ट भोकांत बसले. खाली सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले, गडी तर नाचायचाच बाकी होता, आणि त्या आनंदात तो शेवटची खूण विसरला.

काम संपलं की हात छातीशी एकमेकांत गुंफायचे. ती खूण मिळाल्याशिवाय मला क्रेन सोडता येत नाही. मी बसून राहिले. खाली कोणी वर बघेना. मला रडू येत होतं आणि संतापही आला होता, कोणाचा ते सांगता येणार नाही.

तेव्हा मास्तर खांबापासून पुढे आले. खिशातून हात काढले, छातीशी आणले आणि घट्ट गुंफले. गुंफलेले हात थरथरत नव्हते.

हातमोज्यांशिवायची खूण मानायची नसते. मी मानली.

त्यानंतर मास्तर हत्यारांच्या खोलीत गेले, जाळीच्या मागे. वरून मला त्या खोलीचं फक्त पत्र्याचं छप्पर दिसायचं. त्यावर कोणीतरी फेकलेला झिजलेला ब्रश पडलेला होता, आणि दिवसभरात माझी नजर कितीतरी वेळा त्या ब्रशवर जायची. एकदा सुट्टीत मी खाली जाऊन जाळीशी उभी राहिले. समोरासमोर आल्यावर आम्हाला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं बरं आहे ना, ते म्हणाले हं हं. मागे पाने मागणाऱ्यांची गर्दी झाली आणि मी बाजूला झाले. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी वर होते, हूकला बोगी होती. खाली टाळ्या वाजताना दिसल्या. ऐकू आल्या नाहीत.

परवा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. क्वार्टरांच्या रांगेतलं शेवटचं घर, मागे रूळ. दार उघडून ते क्षणभर ओळखेनात, कारण हेल्मेटशिवाय माझा चेहरा त्यांनी तरी कुठे पाहिला होता! मग माझ्या हातांकडे बघून हसले. चहा केला. दुसरा कप फळीवरून काढून पुष्कळ वेळ धूत राहिले. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. मी पलंगावर बसले. कपातला चहा सांडू नये म्हणून त्यांनी तो अर्धाच भरला होता.

आम्ही गप्प बसलो होतो, ते मला जड गेलं नाही. तितक्यात ते उठले आणि खिडकीच्या चौकटीवर तळवा ठेवला. “येतेय,” म्हणाले. मला अजून काही ऐकूही आलं नव्हतं. मग पॅसेंजर आली, पुढे थोरली, नव्या रंगात. मास्तरांनी मोकळा हात खिडकीबाहेर काढून वर केला. ड्रायव्हर समोर बघत होता. त्याने समोरच बघायला हवं, त्याचं काही चुकलं नाही. डबे एकामागून एक निघून गेले, खिडक्यांत माणसं होती, बहुतेक मोबाइलमध्ये होती. मास्तरांचा हात तसाच वर राहिला होता.

“इंजिन चांगलं बसलंय,” ते चौकटीवरचा तळवा न काढता म्हणाले. “कुठे खडखड नाही. तुम्ही छान ठेवलंत.”

मला म्हणायचं होतं, आपण ठेवलं. पण पिशवीत फोन वाजला. सासूबाई. कुठे आहेस, पोरं भांडताहेत, जाऊबाई बाहेर गेल्यात, आमचं खाण्याचं काय. मी उठले. मास्तर म्हणाले, “हो, हो. घरी वाट बघत असतील.”

रस्ता रुळांच्या बाजूला वळतो तिथे मी मागे वळून पाहिलं. मास्तर खिडकीत होते. हात वर केलेला, उजेड मागून येत होता म्हणून चेहरा दिसत नव्हता, नुसता हात. तो हलत होता. ‘जा’ म्हणत होते, ‘या परत’ म्हणत होते, की नुसताच थरथरत होता, मी पुष्कळ बघितलं, डोळे ताणून बघितलं, आणि मला ती खूण वाचता आली नाही. वर केबिनमध्ये असते तर काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. खूण कळली नाही तर जागचं हलायचं नाही.

पिशवीत फोन पुन्हा वाजायला लागला, आणि मी चालू लागले.